लालिक की जार? तुलना करायची तर आधी उजेड कुठून येतोय ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की ज्वेलरी डिझाइनच्या असाइनमेंटसाठी निसर्गातून प्रेरणा घेणाऱ्या दोन डिझायनर्सची तुलना करायचीये, रने लालिक आणि जार हे दोघं निवडलेत, पण दोघंही फुलं, पानं, फुलपाखरं, पक्षीच करतात तर फरक दाखवायचा कशात, दोघांत मोठा कोण, आणि इथे महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्याला यातलं काय घेता येईल. निवड एकदम चांगली आहे. मी बरीच वर्षं सोनारकामाच्या बेंचवर काम करतेय आणि शिकवतेही, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे दोघांनी कायकाय बनवलं त्याची यादी समोरासमोर मांडू नकोस. यानं ऑर्किड केलं त्यानं लायलॅक केलं, यानं मोर केला त्यानं झेब्रा केला, असं लिहिलंस तर चार पानं भरतील आणि हाताला काही लागणार नाही. निसर्ग हा विषय दागिन्यात कायमच होता, ग्रीक लोक सोन्याची ओकची पानं करायचे, मुघल पाचूवर फुलं कोरायचे, त्यात नवीन काही नाही. फरक आहे तो उजेडाचा. लालिकच्या दागिन्यात उजेड आरपार जातो, जारच्या दागिन्यात उजेड वर पडून परत येतो. एवढं एक सूत्र धरलंस की मटेरियल, रंग, कारागिरी, किंमत, गिऱ्हाईक, सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आधी दोघांची ओळख, पटकन. लालिकचा जन्म १८६० चा, फ्रान्समध्ये शांपेन भागातल्या आय नावाच्या गावातला. वडील गेले आणि सोळाव्या वर्षी पॅरिसला लुई ओकोक या जवाहिऱ्याकडे उमेदवारीला लागला, मग दोनेक वर्षं इंग्लंडमध्ये शिकला, परत येऊन कार्तिए, बुशराँ वगैरे मोठ्या पेढ्यांना डिझाइन्स काढून द्यायचा, म्हणजे आजच्या भाषेत फ्रीलान्सर. १८८५ मध्ये स्वतःचं वर्कशॉप हाती आलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत आर्ट नूव्हो (निसर्गातल्या वळणदार रेषांची तेव्हाची शैली) दागिना म्हणजे लालिक असं समीकरण झालं. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या दालनासमोर लोकांची झुंबड उडाली होती. सारा बर्नहार्ट ही तेव्हाची सगळ्यात गाजलेली नटी त्याची गिऱ्हाईक, आणि तेलाच्या धंद्यातला कालूस्त गुल्बेंकियन हा सगळ्यात मोठा संग्राहक, त्यानं घेतलेला मोठा साठा आज लिस्बनच्या गुल्बेंकियन म्युझियममध्ये आहे. लालिक गेला १९४५ मध्ये.

जार म्हणजे जोएल आर्थर रोझेंथाल, नावाची आद्याक्षरं जोडून जार. जन्म १९४३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, शिक्षण हार्वर्डचं, आणि तो सोनाराच्या बेंचवर वाढलेला नाही हे मुद्दाम लक्षात ठेव. पॅरिसला येऊन १९७० च्या दशकात आधी त्याचं भरतकामाचं दुकान होतं, कॅनव्हासवर लोकरीनं टाके घालतात तसल्या कामाचं. मग पिएर जाने या साथीदाराबरोबर प्लास वांदोम या चौकात दागिन्यांचं काम सुरू केलं. तिथे शोकेस नाही, जाहिरात नाही, आणि वर्षाला निघणारे नग शंभराच्याही आतच. भरतकामाचा हा धागा पुढे लागणार आहे.

आता लालिकचा एक नग जवळून बघू. गुल्बेंकियनमधला ड्रॅगनफ्लाय वुमन, १८९७-९८ च्या आसपासचा. म्हणजे चतुर, आपण लहानपणी शेपटाला दोरा बांधायचो तो. हा छातीवर लावायचा दागिना आणि रुंदी साधारण साडेसव्वीस सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या शाळेतल्या फूटपट्टीला जवळजवळ टेकतो एवढा! लांब निमुळतं शरीर, खाली सोन्याचे भलेमोठे पंजे, आणि चतुराच्या तोंडातून क्रायसोप्रेज या हिरव्या दगडात कोरलेली बाईची अर्धाकृती बाहेर येतेय. ती बाहेर पडतेय की गिळली जातेय, कितीही वेळ बघितलं तरी सांगता येत नाही, आणि माझ्या मते तोच त्या डिझाइनचा जीव आहे. आपल्याला ही कल्पना खरं तर परकी वाटायला नको, देवळाच्या तोरणावर मकराच्या तोंडातून आकृती निघतात त्या आपण बघतच आलोय.

पण माझी नजर नेहमी जाते ती पंखांकडे. ते प्लिक-आ-जूर मीन्याचे आहेत. आपल्याकडचा जयपुरी मीना तुला माहीत आहे, सोन्यात खोदून खाच करायची, त्यात काचेची पूड भरायची आणि भट्टीत भाजायची, म्हणजे मीन्याच्या मागे सोनं असतं आणि उजेड त्या सोन्यावर आपटून रंगातून परत येतो, म्हणून जयपूरचा लाल इतका पेटलेला दिसतो. प्लिक-आ-जूरमध्ये मागे काहीच नसतं. सोन्याच्या तारांची जाळी, तिच्या घरांमध्ये फक्त मीना. खिडकीच्या रंगीत काचा जशा, तसंच हे, पण बोटाच्या पेराएवढ्या जागेत. मग भरताना मीना टिकतो कसा? दोन रस्ते आहेत. घरं बारीक असली तर ओला मीना पाण्याच्या ताणानंच जाळीत धरला जातो, किंवा मागे तांब्याचा पातळ पत्रा नाहीतर अभ्रकाचा तुकडा तात्पुरता लावायचा, भाजून झालं की तांबं आम्लात विरघळवायचं, अभ्रक सोलून काढायचं. एका भाजण्यात काम होत नाही, मीना वितळला की बसतो, खड्डा पडतो, पुन्हा भरा, पुन्हा भाजा, साधारण साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसला. सोनं आणि काच दोन्ही तापल्यावर फुगतात पण सारख्या प्रमाणात नाही, त्यामुळे थंड होताना एका घराला चीर गेली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. ज्यानं हे एकदा तरी करून बघितलंय तो त्या पंखांसमोर नुसता उभा राहील. आणि ते पंख बिजागरीवर हलतात, म्हणजे बाई श्वास घेईल तशी त्यातली चमक बदलणार.

आता विचार कर, चतुराच्या खऱ्या पंखाचं वैशिष्ट्य काय? तो पारदर्शक असतो आणि त्यात शिरांची जाळी असते. लालिकला तो पंख हिऱ्यांनी भरून टाकता आला असता, पॅरिसमधले बाकीचे जवाहिरे तेच करत होते, पण हिरा उजेड परत फेकतो, पंख उजेड जाऊ देतो. म्हणून त्यानं असं तंत्र उचललं ज्यात जाळी हीच शीर आणि काच हीच त्वचा. कारागिरी आणि प्राण्याची रचना एकच झाली. निसर्गातून प्रेरणा घेणं म्हणजे हे, आकार ट्रेस करणं नाही.

शिंगाचंही तसंच. १८९० च्या दशकात त्यानं शिंगाचे केसातले कंगवे आणि डायडेम, म्हणजे डोक्यावरचे मुकुटासारखे दागिने, करायला सुरुवात केली. शिंग म्हणजे कंगव्याचं, बटणांचं स्वस्त मटेरियल, ते उंची दागिन्यात कोणी घेत नव्हतं. पण शिंग गरम केलं की मऊ होतं, दाबून आकार देता येतो, पातळ केलं की मधासारखा उजेड आतून येतो. वाळायला लागलेलं पान, कडा दुमडलेलं, आणि मागून उजेड, हे शिंगात जितकं खरं दिसतं तितकं सोन्यात कधीच दिसणार नाही. त्याचं एक प्रसिद्ध ऑर्किड शिंग आणि हस्तिदंताचं आहे, पाकळ्यांची जाडी कडेकडे इतकी उतरत गेलीय की कड जवळजवळ संपून जाते. (हस्तिदंत आज कायद्यानं बंद आहे, तेव्हा प्रोजेक्टमध्ये मटेरियल म्हणून चुकूनही लिहू नकोस. शिंग घ्यायचं तर म्हशीचं, गव्याचं नाही, गवा संरक्षित प्राणी आहे. उत्तर प्रदेशात संभलला म्हशीच्या शिंगाचं काम आजही मोठ्या प्रमाणावर चालतं.)

आणखी एक. लालिकचा निसर्ग फक्त सुंदर नाही. गांधीलमाशा ओपलला झोंबलेल्या, एकमेकांत गुंतलेले नऊ साप, वटवाघळं, काटेरी थिसल, हिवाळ्यातली निष्पर्ण झाडं. फूल कोमेजतं, पान कुरतडलं जातं, किडा दुसऱ्या किड्याला खातो हे त्याला दागिन्यात हवंच होतं. त्याच्याकडे निसर्ग म्हणजे काळ. एक अवस्था संपून दुसरी सुरू होतेय असा क्षण तो पकडतो, म्हणून बाईचा चतुर होतो, केसांच्या लाटा होतात. जपानी कलेचं तेव्हा पॅरिसला वेड होतं, सुकलेल्या पानाकडेही आदरानं बघायची ती नजर त्याला तिथून मिळाली असं माझं मत.

आता जारकडे ये. इथे उजेड आरपार जायचा प्रश्नच नाही, कारण पृष्ठभाग बारीक बारीक खड्यांनी गच्च भरलेला असतो. याला पावे सेटिंग म्हणतात ते तुला माहीतच आहे, प्रत्येक खड्यासाठी भोक पाडायचं, खडा बसवायचा, आजूबाजूच्या धातूतून टाकणीनं बारीक दाणे उचलायचे आणि तेच दाणे खड्याच्या कडेवर दाबून त्याला धरायचे. हे तंत्र शेकडो पेढ्या करतात. मग जारचं वेगळं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे तो धातू काळा करतो. आपल्याकडे पावे म्हटलं की पांढरं सोनं, वर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा, सगळं लख्ख. त्यात होतं काय, की रंगीत खड्यांच्या मधल्या फटीतला पांढरा धातू चमकतो आणि लांबून बघितलं की रंगावर पांढुरकी जाळी पसरल्यासारखी वाटते, माणिक गुलाबी वाटायला लागतं, नीलम फिका. जारनं चांदी काळी केली, की फट म्हणजे सावली झाली, धातू नजरेतून नाहीसाच झाला आणि उरला फक्त रंग. फुलाला कुठे चांदीची चौकट असते?

दुसरं म्हणजे तो रंग मिसळतो. बाकी ठिकाणी खडे आधी मॅच करतात, एका पाकळीला एकच शेड, एकच साइज, ट्रेमध्ये ओळीनं लावलेले. जार एका पाकळीत वेगवेगळ्या जातीचे खडे शेजारीशेजारी बसवतो. त्याचा १९९४ चा फुलपाखराचा ब्रोच, म्हणजे कपड्यावर पिननं लावायचा दागिना, घे, त्यात नीलम, फायर ओपल, माणिक, अॅमेथिस्ट, गार्नेट आणि हिरे असे सगळे एकत्र आहेत. किंवा २००१ चे लायलॅक या फुलाचे ब्रोच, जांभळट नीलम आणि गार्नेट, हिरे, आणि धातू म्हणून चांदी-सोन्याबरोबर चक्क अॅल्युमिनियम. जवळून बघितलं तर ठिपके, लांबून बघितलं तर पाकळी गडद होत होत फिकी झालेली. इथे ते भरतकाम आठव. लोकरीच्या टाक्यात एकच टाका म्हणजे एकच रंग, शेजारच्या टाक्याला किंचित वेगळा धागा, आणि छटा तयार होते ती डोळ्यात. हाच माणूस पुढे धाग्याऐवजी खडे घेऊन बसला. हे कनेक्शन असाइनमेंटमध्ये जरूर टाक.

आणि त्याचा झेब्रा, १९८७ चा ब्रोच. झेब्र्याचं डोकं अॅगेटमध्ये कोरलंय आणि अंगावरचे पट्टे हे त्या दगडातले मुळातलेच पट्टे आहेत. दगड असा निवडला आणि असा कोरला की पट्टे मानेवरून, गालावरून बरोबर वळतात. अॅगेट म्हणजे आपला अकीक, तो गुजरातेत खंबात गावी शेकडो वर्षं घासतात, पट्टेवाला अकीक तू हातात घेतलाच असशील, आता तो हातात घेऊन विचार कर की यातला कुठला पट्टा कुठल्या प्राण्याच्या हाडावरून जाईल. दगड आधी बघायचा आणि मग डिझाइन, ही सवय लागायला फार वर्षं जातात.

जारची फुलं मात्र कुठल्याही जातीचं सर्वसाधारण फूल नसतात, ते एक ठरावीक फूल असतं. एखादी पाकळी मुडपलेली, एक पान उलटं झालेलं, देठ जरा वाकडा. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातला नमुना नाही, बागेतून आज सकाळी खुडून आणलेलं एक फूल, त्याचं व्यक्तिचित्र म्हण हवं तर. पाकळीची मागची बाजूही तो सोडत नाही. लालिककडे काळ वाहतो, जारकडे थांबतो. दोन्ही निसर्गच, पण बघणाऱ्याचं मन वेगळं.

उजेडाचा मुद्दा किती खरा आहे ते प्रदर्शनांवरून कळतं. २००२ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये जारचं मोठं प्रदर्शन झालं, साधारण चारशे नग, आणि दालन अंधारं ठेवून लोकांच्या हातात छोटे टॉर्च दिले होते. टॉर्च मारला की फूल पेटतं, काढला की विझतं. हेच लालिकच्या पंखांवर करून बघ, समोरून टॉर्च मारलास तर पंख सपाट आणि मळकट दिसेल, त्याला मागून उजेड लागतो. म्युझियममध्ये एकच नियम लावून दोघांचे दागिने मांडले तर एकावर अन्याय होणारच. पुढे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनंही जारचं प्रदर्शन केलं, हयात ज्वेलरी कलाकारावरचं त्यांचं ते पहिलंच एवढं मोठं प्रदर्शन. त्यावर टीकाही झाली, कारण इतका महाग, इतका खाजगी दागिना आणि त्याला कलाकृती म्हणायचं की नाही हा वाद तिथे कायम असतो. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही, काम चांगलं आहे का एवढंच बघावं.

साम्यही एक फार मोठं आहे आणि आपल्या लोकांना ते सांगायलाच पाहिजे. दोघांनीही वजनाचा हिशोब मोडला. आपल्याकडे दागिना म्हणजे इतके तोळे सोनं, त्यावर घडणावळ, आणि घडणावळीवरून घासाघीस. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं मोडला तर किती येतील. शिंगाच्या कंगव्यात मोडायला आहे काय? चार-दोन ग्रॅम सोनं असेल, बाकी सगळी किंमत हाताची आणि डोक्याची. जारचं अॅल्युमिनियमही तसंच, किलोच्या भावानं मिळणारा धातू, पण वजनाला इतका हलका की मोठं फूल कानात घातलं तरी पाळी ओढली जात नाही. हा विचार आपल्या बाजारात रुजायला अजून वेळ आहे, पण रुजायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण जोवर घडणावळ हा खर्च समजला जातो तोवर चांगला कारागीर मुलाला या धंद्यात आणणार नाही, आणि ते आपण डोळ्यांनी बघतोय.

अर्थात इथे एक फरकही आहे, तोही लिही. जारकडे खडे स्वतःच मौल्यवान आहेत. लिली साफ्रा या धनाढ्य संग्राहक बाईंनी २०१२ मध्ये त्यांचे १८ जार दागिने जिनिव्हात लिलावात काढले, पैसे समाजकार्याला दिले, त्यात माणकांचा कॅमेलियाचा ब्रोच चाळीस लाख डॉलर्सच्या वर गेला. त्यात नाव आहेच, पण माणकंही आहेत. लालिकच्या नगात बरेचदा काच, मीना, शिंग, ओपल, मूनस्टोन. नाव काढून घेतलं तर मटेरियलला भाव नाही, आणि तरी म्युझियम त्यासाठी भांडतात. माझ्या मते हे जास्त अवघड यश आहे.

मोठा कोण, असं तू सरळ विचारलंयस तर सरळ सांगते. डिझायनर म्हणून लालिक मोठा. रंगाची समज आणि खड्यांची निवड यात जारच्या जवळपास कोणी येत नाही, पण जारनं पावेची भाषा जिथवर नेली तिथवर ती भाषा आधीपासून होती, त्यानं ती कळसाला नेली. लालिकनं भाषाच बदलली, दागिन्यात काय चालतं आणि काय नाही याची यादीच फाडून टाकली. शिवाय तो तिथे थांबला नाही. १९०० नंतर युरोपभर त्याच्या नकला सुटल्या, स्वस्तातले चतुर आणि स्वस्तातल्या केस सोडलेल्या बायका, तेव्हा तो हळूहळू काचेकडे वळला. फ्रांस्वा कोती या अत्तरवाल्यासाठी बाटल्या केल्या, काचेचा कारखाना घेतला, आणि साच्यातून काच काढायला लागला. बरेच जण याला घसरण म्हणतात, आधी एकमेव नग करणारा माणूस नंतर हजारोंनी बाटल्या काढायला लागला म्हणून. मला ते पटत नाही. प्लिक-आ-जूरमध्ये, शिंगात तो जे शोधत होता, म्हणजे उजेड आत घेणारं मटेरियल, तेच त्याला काचेत सापडलं, आणि ते चार श्रीमंत बायकांऐवजी अत्तराची बाटली घेणाऱ्या कुणालाही मिळायला लागलं. जार याच्या बरोबर उलट, दार लहान ठेवलं आणि लहानच राहू दिलं, आणि त्यामुळेच त्याचा प्रत्येक नग तेवढा कसून झाला. दोन्ही निर्णय प्रामाणिक आहेत, माझं मन पहिल्याकडे जातं.

आता इथल्या कामाबद्दल. आधी हे बघ की आपल्या मराठी दागिन्यात निसर्ग भरपूर आहे पण या दोघांपेक्षा पूर्ण वेगळ्या वाटेनं आलाय. बोरमाळ, जोंधळी पोत, बकुळीहार, बेलपान, मोत्याची कुडी. यात कुठेही एका फुलाचं व्यक्तिचित्र नाही आणि रूपांतराचं नाट्यही नाही. एक दाणा नाहीतर एक फूल घ्यायचं, त्याचा आकार इतका साधा करायचा की ठशात बसेल, आणि मग तो परत परत ओवायचा. बकुळीचं खरं फूल हातात घे, कडा बारीक कातरल्यासारख्या असतात आणि मधे भोक, म्हणून ते सहज ओवलं जातं, आणि बकुळीहारातही फूल ओवल्यासारखंच बसतं. म्हणजे जुन्या सोनारानं फूल बघितलं तेव्हा त्याची ओवायची रीतही बघितली. ही तिसरी वाट तुलनेत आणलीस तर तुझं काम बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं होईल, पण दोन परिच्छेदांपुरतीच आण, मूळ विषय पॅरिसचा आहे.

प्रत्यक्ष सॅम्पल करायचं असेल तर जारची नक्कल करायला जाऊ नकोस. त्या प्रतीचे, त्या छटांचे खडे जमवायलाच आयुष्य जातं, आणि बाजारातून कॅलिब्रेटेड, म्हणजे ठरावीक मापात कापलेल्या, खड्यांचं पाकीट आणून केलेलं फूल हे फक्त महाग दिसतं, जिवंत दिसत नाही. त्याच्याकडून दोन सवयी घे. एक, पान उलटं करून मागची बाजू काढ, शिरा मागून उठावदार असतात आणि बहुतेक मुलं फक्त पुढची बाजू काढतात. दोन, चांदीचा छोटा तुकडा घेऊन त्यावर दहा-बारा रंगीत खडे बसव, अर्धा भाग पांढरा ठेव, अर्धा सल्फाइडनं काळा कर, आणि दोन्ही भागांचा एकाच उजेडात फोटो काढ, मी वर जे सांगितलं ते एका फोटोत सिद्ध होईल. काळं केलेलं घासलं की उतरतं हे ध्यानात ठेव, अंगठीला ते लवकर जाईल, ब्रोचला टिकेल, ब्लॅक रोडियमही कायमचं नसतं, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

लालिकचं मात्र खरंच काही करून बघता येईल. प्लिक-आ-जूरचं एक छोटं पान, तांब्याच्या नाहीतर चांदीच्या जाळीत, घरं बारीक ठेव, तीन-चार मिलिमीटरच्या वर जाऊ नकोस, कोपरे टोकदार न ठेवता गोलसर ठेव कारण चीर कोपऱ्यातून सुरू होते. आधी पारदर्शक मीन्याचे एकदोन रंगच घे. चांदीची जाळी सोल्डरनं न जोडता एकाच पत्र्यातून करवतीनं कापून काढलीस तर भट्टीत जोड सुटायची भीती राहत नाही. मीना वापरण्याआधी डिस्टिल्ड पाण्यात चार-पाच वेळा नीट धू, गढूळ पाणी ओतून टाकत राहा, नाहीतर पारदर्शक रंग दुधाळ येतो आणि मग आरपार उजेडाचं सगळं मुसळ केरात. फुटला तर फुटला, फुटलेल्या सॅम्पलचा फोटोही रिपोर्टमध्ये घाल आणि का फुटला ते लिही, परीक्षकाला तेच जास्त वाचायला आवडेल, मला तरी आवडतं.

घालायचं कुठे हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, कारण आपल्याकडे ब्रोचची सवय नाही आणि दोघांचंही बरंच उत्तम काम ब्रोचमध्ये आहे. पण साडीवर पदर खांद्याला जिथे पिनअप करतो ती जागा ब्रोचसाठी उत्तम आहे, फक्त सिल्कला भार सोसत नाही म्हणून वजन कमी ठेवावं लागतं, आणि पिन एकेरी न लावता दुहेरी लावावी म्हणजे नग फिरत नाही. लालिकसारखं आरपार काम करायचं असेल तर ते खांद्यावर वाया जाईल कारण मागे कापड येणार, त्यासाठी अंबाड्यात खोचायचा काटा नाहीतर कानातलं बरं, तिथे मागे मोकळी हवा असते. अंबाड्याची फुलं, केवडा, वेणी हे सगळं केसात घालायचं आपल्याकडे आहेच, तेव्हा शिंगाचा नाहीतर मीन्याचा काटा इथल्या बाईला अजिबात परका वाटणार नाही.

फोटोंसाठी गुल्बेंकियन म्युझियमचा ऑनलाइन संग्रह बघ, झूम करून पंखांच्या शिरा मोज. जारसाठी मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या २०१३ च्या प्रदर्शनाचे फोटो बघ. आणि फोटो बघताना प्रत्येक वेळी आधी हे लिहून काढ की दिवा पुढे आहे का मागे, कारण कॅटलॉगमध्ये लालिकचे बरेच फोटो पुढूनच उजेड टाकून काढलेले असतात आणि त्यात प्लिक-आ-जूर साध्या मीन्यासारखाच दिसतो. सॅम्पल करताना मीना बसत नसेल तर भट्टीचं तापमान, जाळीच्या घराचं माप आणि फोटो टाक, बघून सांगते.